रॉक संगीताच्या इतिहासातील मुंबईचे वादक : श्रेयनामांचा प्रश्न (१९६६ ते १९७८)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरातील तरुण पिढीवर ज्या कलाप्रकाराचा खोल प्रभाव पडला, त्यामध्ये रॉक संगीताचा समावेश करावा लागतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात रुजलेला आणि १९६० च्या दशकात इंग्लंडमधील बीटल्स, रोलिंग स्टोन्स यांसारख्या वाद्यवृंदांनी जगभर नेलेला हा संगीतप्रकार केवळ मनोरंजनाचा भाग राहिला नाही. युद्धविरोध, वर्णभेदविरोध आणि प्रस्थापित मूल्यांविषयीची अस्वस्थता यांचे तो एक माध्यम बनला. या संगीताचा इतिहास प्रामुख्याने लंडन, लिव्हरपूल, न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को या शहरांच्या आधारे लिहिला गेला आहे. त्यामध्ये भारताचा उल्लेख येतो तो बहुधा पं. रविशंकर यांच्या सतारीपुरता, तर महाराष्ट्राचा उल्लेख क्वचितच येतो.

मराठीतील संगीतविषयक लेखनाची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, अभंग व शास्त्रीय संगीत यांवर मराठीत विपुल व मोलाचे लेखन झाले आहे. परंतु रॉक हे परक्या भाषेतील आणि महानगरातील मूठभर तरुणांचे संगीत होय, अशी समजूत दृढ असल्यामुळे त्याचा आपल्या सांस्कृतिक इतिहासाशी संबंध जोडला जात नाही. वस्तुतः या संगीताच्या इतिहासातील काही महत्त्वाच्या क्षणी मुंबईतील वादक प्रत्यक्ष सहभागी होते. ते श्रोते म्हणून नव्हे, तर निर्मितीचे भागीदार म्हणून उपस्थित होते. त्यांपैकी कोणाचे नाव छापले गेले आणि कोणाचे गेले नाही, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) १९६६ ते १९७८ या कालखंडातील रॉक संगीताच्या निवडक घटनांमधील भारतीय, विशेषतः मुंबईतील वादकांचा सहभाग स्पष्ट करणे.
२) या वादकांना मिळालेल्या अथवा न मिळालेल्या श्रेयामागील कारणांचा शोध घेणे.
३) रॉक संगीताचा मराठी रंगभूमीशी आलेला संबंध तपासणे.

पार्श्वभूमी : चित्रपटसंगीत आणि अनामिक वादक

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत मुंबईत प्रथम आले ते हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंद आणि हिंदी चित्रपटसृष्टी या दोन मार्गांनी. गोव्यातील चर्चशाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण घेतलेले अनेक वादक मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत काम करीत होते. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गीतात रॉक अँड रोलची लय हिंदी श्रोत्यांच्या ओठी आणली. शब्दांना अर्थ नसतानाही हे गीत देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले, हे त्या लयीचे यश होय.

या काळात चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार व पुढे पार्श्वगायक यांची नावे येत. वाद्यवृंदातील वादक मात्र पाळीनुसार मेहनताना घेऊन घरी जात. श्रेय ही आपोआप मिळणारी गोष्ट नसते, हे गायकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रारंभी गायिकेचे नाव नव्हते. तेथे ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापलेले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केल्यानंतर खऱ्या गायिकेचे नाव पुढे आले. गायकांना हा मान मिळाला, तथापि वादकांच्या वाट्याला तो आला नाही. गोव्यातील माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक व संगीत संयोजक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले ते ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील एका विनोदी गीतामुळे. त्यांचे शिष्य असलेल्या संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंना वाहिलेली ती आदरांजली होती. बहुसंख्य श्रोत्यांना मात्र ते एक काल्पनिक पात्रच वाटत राहिले.

मुंबईतील स्टुडिओंची ही कार्यपद्धती लक्षात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही.

लंडनमधील दोन ध्वनिमुद्रणे : १९६६ व १९६७

बीटल्सच्या डिसेंबर १९६५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘रबर सोल’ या ध्वनिमुद्रिकेत जॉर्ज हॅरिसन यांनी सतारीचा वापर केला. मात्र तो एका पाश्चात्त्य गीताला दिलेला नवा रंग होता. भारतीय संगीताच्या घाटात बांधलेले त्यांचे पहिले गीत ‘लव्ह यू टू’ हे होय. ११ एप्रिल १९६६ रोजी लंडन येथील अॅबी रोड स्टुडिओत झालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणात अनिल भागवत यांनी तबलावादन केले. लंडनमधील एशियन म्युझिक सर्कल या संस्थेच्या माध्यमातून त्यांना पाचारण करण्यात आले होते. ऑगस्ट १९६६ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली, तेव्हा तिच्या वेष्टनावर त्यांचे नाव तबलावादक म्हणून छापलेले होते. बाहेरच्या वादकांची नावे देण्याची प्रथा त्या काळी सार्वत्रिक नव्हती. म्हणूनच या एका ओळीचे महत्त्व मोठे आहे.

पुढच्याच वर्षी याच्या नेमके उलट घडले. मार्च १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ या जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेसाठी हॅरिसन यांचे ‘विदिन यू विदाउट यू’ हे गीत ध्वनिमुद्रित झाले. त्यात दिलरुबा, तंबोरा व तबला वाजविणारे वादक पुन्हा एशियन म्युझिक सर्कलमार्फतच आले होते. परंतु वेष्टनावर त्यांची नावे आली नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा व नटवर सोनी ही चार नावे २०१७ मध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रिकेच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी ठळकपणे लोकांसमोर आली. रॉक संगीताच्या इतिहासात सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एकीतील वादकांना आपल्या नावासाठी अर्धे शतक वाट पाहावी लागली.

मुंबई, जानेवारी १९६८

सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन पं. रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले व ताजमहाल हॉटेलात उतरले. त्यांच्या शिक्षणात पं. रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांचेही साहाय्य झाले. या पूर्वसंबंधामुळेच ‘वंडरवॉल’ या इंग्रजी चित्रपटाच्या संगीताची जबाबदारी आल्यावर त्यांनी पुन्हा मुंबईचा मार्ग धरला.

जानेवारी १९६८ मध्ये फोर्ट विभागातील फिरोजशहा मेहता मार्गावरील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण काही दिवस चालले. लंडनच्या तुलनेत येथील साधने तुटपुंजी होती. स्टिरिओ ध्वनिमुद्रणासाठी आवश्यक यंत्र कंपनीच्या कलकत्ता येथील केंद्रातून आणवावे लागले व त्याकामी भास्कर मेनन यांनी पुढाकार घेतला. स्टुडिओ कार्यालयीन इमारतीत असल्याने रस्त्यावरील टॅक्सींचा आवाज ध्वनिफितीत शिरत असे. सायंकाळी साडेपाचला कार्यालये सुटली की जिन्यावरील पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे, अशी आठवण हॅरिसन यांनी पुढे सांगितली आहे. या गैरसोयींतून जे संगीत तयार झाले, ते मात्र वादकांच्या सामर्थ्यावर उभे होते.

नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ प्रकाशित झाले. बीटल्सच्या एखाद्या सदस्याने स्वतंत्रपणे काढलेली ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका होय. तिच्या वेष्टनावर मुंबईतील वादकांची नावे वाद्यांसह दिली आहेत. आशिष खान (सरोद), महापुरुष मिश्र (तबला व पखवाज), शिवकुमार शर्मा (संतूर), एस. आर. केंकरे (बासरी), विनायक व्होरा (तारशहनाई), रिजराम देसाद (हार्मोनियम) ही त्यांपैकी काही होत. श्रेय देण्याच्या दृष्टीने ही यादी अनुकरणीय आहे. तथापि तिच्यातील नावांची अवस्थाही पाहण्यासारखी आहे. सुरबहारवादक चंद्रशेखर नारिंग्रेकर यांचे आडनाव गळून पडले आणि ते केवळ ‘चंद्र शेखर’ उरले. शरद व हनुमान या दोन शहनाईवादकांचे आडनाव इंग्रजी लिपीत ‘जादेव’ असे उमटले आहे. ते ‘जाधव’ असावे, हे कोणाही मराठी वाचकाच्या सहज लक्षात येईल. नाव छापले गेले, पण ओळख पुसट झाली. अशा ठिकाणी भाषा जाणणाऱ्या स्थानिक अभ्यासकाची गरज असते. परदेशी संशोधकास ‘जादेव’ व ‘जाधव’ यांतील अंतर जाणवणे कठीण आहे.

याच सत्रांमध्ये आणखी एक ध्वनिमुद्रण झाले. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गीताचे संपूर्ण वाद्यसंगीत मुंबईत मुद्रित करण्यात आले. त्यात आशिष खान यांचे सरोद व हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. पुढे फेब्रुवारीत लंडन येथे त्यावर केवळ गायन चढविण्यात आले. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ या गीताच्या दुसऱ्या बाजूस ते प्रकाशित झाले. म्हणजेच, बीटल्सच्या नावाने जगभर विकल्या गेलेल्या या गीतातील एकही वाद्य बीटल्सच्या सदस्यांनी वाजविलेले नाही. परंतु दोन गीतांच्या लहान ध्वनिमुद्रिकेच्या गोल चकतीवर बीटल्सचेच नाव होते. एकाच स्टुडिओत, एकाच आठवड्यात, त्याच वादकांनी केलेल्या कामापैकी एकाचे श्रेय त्यांना मिळाले व दुसऱ्याचे मिळाले नाही. या फरकाचे कारण कोणाच्या वैयक्तिक हेतूत शोधण्यापेक्षा प्रकाशनाच्या स्वरूपात शोधणे अधिक योग्य ठरते. दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाला नावांसाठी जागा असते, चकतीला ती नसते. शिवाय एक प्रकाशन व्यक्तीचे होते, तर दुसरे प्रस्थापित समूहाचे होते.

रंगमंचावरील साथीदार : १९६७ ते १९७१

स्टुडिओत अदृश्य राहणारा वादक रंगमंचावर मात्र दिसतो. रॉक संगीताच्या इतिहासातील तीन मोठ्या सोहळ्यांत पं. रविशंकर यांचे वादन झाले. जून १९६७ मधील कॅलिफोर्नियातील माँटेरी महोत्सव, ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सव आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेली ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ हे ते सोहळे होत. या तिन्ही ठिकाणी तबल्याची साथ उस्ताद अल्लारखाँ यांची होती. मूळचे जम्मूकडील अल्लारखाँ मुंबईत स्थायिक झाले होते व ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीतही दिले होते. वुडस्टॉक येथे भर पावसात झालेल्या मैफलीत तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. लाखोंच्या त्या जनसमुदायापुढे एका मराठी आडनावाच्या कलावतीची ही उपस्थिती मराठी संगीतविषयक लेखनात जवळजवळ अनुल्लेखित आहे.

बांगलादेशातील निर्वासितांसाठी हॅरिसन व रविशंकर यांनी घडवून आणलेल्या मैफलीच्या दोन प्रयोगांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर इतका निधी उभा राहिला. मोठ्या मानवतावादी कार्यासाठी रॉक कलावंतांनी एकत्र येण्याच्या परंपरेचा आरंभ येथून मानला जातो. या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत सरोदवादक अली अकबर खाँ, अल्लारखाँ व तंबोऱ्यावरील कमला चक्रवर्ती यांची नावे आढळतात. भारतीय मैफलीत मुख्य कलावंताने साथीदारांचा परिचय करून देण्याची रीत आहे. ती रीत पं. रविशंकर यांनी परदेशी रंगमंचावरही नेली, आणि म्हणूनच ही नावे टिकली, असे म्हणता येते.

‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ : १९७२ ते २०१५

१९७२ मध्ये लेड झेपेलिन या ख्यातनाम ब्रिटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक जिमी पेज व गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्यातील स्लिप डिस्क या नृत्यगृहात त्यांनी स्थानिक वादकांसमवेत आयत्या वेळी केलेले वादन मुंबईच्या रॉक रसिकांमध्ये आख्यायिका बनून राहिले. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते त्यांचे मुंबईतील ध्वनिमुद्रण. ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन पूर्वप्रकाशित गीते त्यांनी येथील वादकांच्या साहाय्याने नव्याने मुद्रित केली. या कामी बासरीवादक व संगीतकार विजय राघव राव यांचे साहाय्य झाले.

हे ध्वनिमुद्रण त्या काळी प्रकाशित झाले नाही. चोरट्या प्रतींच्या रूपाने ते संग्राहकांमध्ये फिरत राहिले. अखेर २०१५ मध्ये ‘कोडा’ या ध्वनिमुद्रिकेच्या विस्तारित आवृत्तीत त्याचा अधिकृतपणे समावेश झाला. ४३ वर्षांनंतर प्रसिद्ध झालेल्या या गीतांपुढे ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असे सामूहिक नाव देण्यात आले. तबला, सारंगी वा व्हायोलिन वाजविणारे हात कोणाचे, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. शहराला श्रेय मिळाले, माणसांना मिळाले नाही. चित्रपट स्टुडिओंतील पाळीच्या पद्धतीचा हा स्वाभाविक परिणाम होय. जेथे वादक रोजच्या मेहनतान्यावर येतो, तेथे त्याची नोंद हिशेबाच्या वहीत होते, कलाकृतीवर होत नाही.

मराठी रंगभूमीवरील रॉक : १९७८

आतापर्यंतच्या घटनांत परदेशी कलावंत मुंबईतील वादकांकडे आले. याच काळात मुंबईतील तरुणही रॉककडे वळत होते. सिमला बीट स्पर्धेने १९७० व १९७१ मध्ये देशभरातील वाद्यवृंदांना व्यासपीठ दिले व त्यांच्या गीतांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. या पिढीतील एक महत्त्वाचे नाव म्हणजे नंदू भेंडे. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे ते पुत्र. वेल्वेट फॉग, अॅटॉमिक फॉरेस्ट यांसारख्या वाद्यवृंदांशी त्यांचा संबंध होता. अलेक पदमसी यांनी मुंबईत सादर केलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतिकेत त्यांनी ज्युडासची भूमिका केली.

१९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने पु. ल. देशपांडे लिखित व जब्बार पटेल दिग्दर्शित ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणला. बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या १९२८ मधील संगीतिकेचे हे मराठी रूप होय. त्यातील प्रमुख भूमिका नंदू भेंडे यांनी केली. नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत यांचा एकत्र प्रयोग या नाटकात झाला. रॉक गाण्यात मुरलेला आवाज मराठी शब्द घेऊन मराठी प्रेक्षकांसमोर उभा राहिला, ही घटना म्हणूनच नोंद घेण्याजोगी आहे. रॉक हे केवळ इंग्रजीत गाणाऱ्यांचे संगीत होय, ही समजूत येथे मोडीत निघते. मात्र २०१४ मध्ये निधन पावलेल्या या कलावंताची ओळख सर्वसामान्य श्रोत्यांना राहिली ती मुख्यत्वे ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधील एका हिंदी गीतापुरती. त्यांच्या समकालीन वाद्यवृंदांची कथाही अशीच आहे. अॅटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन ७७’ ही ध्वनिमुद्रिका भारतात विस्मृतीत गेल्यावर २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ती पुनर्प्रकाशित केली.

श्रेय आणि कायदा

श्रेयाचा प्रश्न केवळ भावनिक नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये मुळात वादकाला कलाप्रयोगाचा स्वतंत्र हक्क नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने कलाप्रयोग करणाऱ्यांचे हक्क मान्य झाले. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ ब अन्वये, आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जाण्याचा नैतिक हक्क त्यांना मिळाला. असे असले तरी याच दुरुस्तीत एक अपवाद ठेवण्यात आला. चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत दिले जात नाही, अशी व्यक्ती या कायद्यानुसार कलावंत मानली जात नाही. तिच्या सादरीकरणाचे विकृतीकरण रोखण्याचा हक्क तेवढा तिच्याकडे राहतो. म्हणजे नाव न देण्याचा रिवाज हाच नाव नाकारण्याचा आधार ठरू शकतो. लेखात पाहिलेल्या घटना या कायद्यापूर्वीच्या आहेत. परंतु त्या रिवाजाची मुळे किती खोल आहेत, हे त्यांवरून समजते.

निष्कर्ष

१) १९६६ ते १९७२ या काळात रॉक संगीताच्या जडणघडणीत भारतीय वादकांचा व मुंबईतील स्टुडिओंचा प्रत्यक्ष वाटा होता.
२) वादकाला श्रेय मिळणे हे त्याच्या कौशल्यापेक्षा प्रकाशनाचे स्वरूप, मुख्य कलावंताशी असलेले नाते आणि कामाची पद्धती यांवर अवलंबून राहिले.
३) रंगमंचावरील साथीदाराचे नाव अधिक टिकले, तर स्टुडिओतील वादकाचे नाव सहज पुसले गेले.
४) छापलेली नावेही लिप्यंतरामुळे विकृत झाल्याने त्यांची ओळख पटविण्याच्या कामी मराठी अभ्यासकांचे विशेष साहाय्य होऊ शकते.
५) ‘तीन पैशाचा तमाशा’ व नंदू भेंडे यांच्या उदाहरणावरून रॉक संगीत हा मराठी सांस्कृतिक इतिहासाचाही विषय ठरतो.

समारोप

मुंबईपासून दूर असलेल्या बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होणे शक्य आहे. त्याचे उत्तर श्रेयनामांच्या प्रश्नातच आहे. घाटावरील चिखली, मेहकर असो वा घाटाखालील मलकापूर, खामगाव असो, लग्नसराईत वाजणारा बँड, भजनी मंडळातील मृदंगवादक, तमाशातील ढोलकीवाला हे सारे कलावंत त्याच रिवाजाचे वाटेकरी आहेत. गाणाऱ्याचे नाव गावाला ठाऊक असते, परंतु साथ करणाऱ्याचे नाव त्याच्या पिढीबरोबर जाते. महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांनी आपापल्या परिसरातील अशा वृद्ध वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून, त्यांची नावे, वाद्ये व गुरुपरंपरा देवनागरीत अचूकपणे नोंदवून ठेवली, तर ते कार्य अल्प खर्चात होण्यासारखे आहे. अण्णा जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांची नावे पन्नास वर्षांनी का होईना हाती लागली. ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या दोन शब्दांमागील माणसांचा, तसेच गावोगावच्या साथीदारांचा शोध मात्र त्यांना ओळखणारी पिढी हयात आहे तोवरच घेता येईल.